प्रश्न जसाच्या तसा

होबार्ट, जूनचा तिसरा आठवडा

प्रिय हेस्टर,

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू ‘बरं, बघू’ म्हणतेस, मी ‘ठीक’ म्हणतो आणि मग आपण दोघं तुझ्याकडच्या हवेवर येतो. बर्गनला पाऊस पडतो हे मला आता पुरेसं कळलंय. शिवाय कागदावर वाक्य खोडता येतं. मला पदवी नाही, जे शिकलो ते ग्रंथालयातून पुस्तकं आणून शिकलो, त्यामुळे एक वाक्य तपासल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायची मला सवय नाही. ‘रॉस, हे तू दर पानावर सांगतोस,’ असं तू म्हणायचीस. तर या पानावरचं सांगून झालं. टपालाने हे पोहोचेपर्यंत उशीर होईल, म्हणून पानांचे फोटो काढून पाठवतो. खाडाखोड दिसेल, ती तशीच ठेवली आहे.

आधी बातम्या. इथे हिवाळा आहे, डोंगर निम्म्यापर्यंत बर्फाने पांढरा आहे. शेगडीचं धुराडं मी साफ केलं, तुझ्या आईच्या खोलीत ओल आली आहे ती अजून पाहायची आहे. तांबडी कोंबडी क्वोलने नेली. खऱ्या क्वोलने, त्या ठिपकेवाल्या रानमांजरासारख्या चोराने, आमच्या संगणकातल्या क्वोलने नव्हे. सकाळी रिकामं खुराडं पाहून तुझा बाप मर्व मोठ्याने हसला. पक्षाघाताच्या झटक्यानंतर तो हसल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. आपल्या आयुष्यभराच्या कामाला त्याने ज्या जनावराचं नाव दिलं ते अजून त्याच्याच कोंबड्या पळवतंय, एवढं त्याला बरोबर कळतं. उजवा हात अजून मांडीवर पडून असतो, जेवतो डाव्याने. नावं मात्र गेली आहेत. किटलीला कोंबडी म्हणतो, मला ‘हा’ म्हणतो. पण ‘घाल’, ‘आण’, ‘दार लाव’ हे अगदी स्पष्ट, आणि ढब अजून विभागप्रमुखाची.

आता मुद्दा. पुढच्या गुरुवारी हॉस्पिटलकडून लेस्ली बून पुन्हा तपासणीला येईल आणि मर्वला स्वतःचं बरंवाईट ठरवता येतं की नाही हे कागदावर लिहील. ‘येत नाही’ असं तिने लिहिलं की ठरवायचं तुझ्याकडे येतं, मुखत्यारपत्रावर तुझं नाव आहे. तुझं ठरलेलं आहे हेही मला ठाऊक आहे: न्यू टाउनच्या वृद्धाश्रमात खोली आणि फर्न ट्रीचं घर विक्रीला. एजंटाचा माणूस येऊन खुराड्यासकट सगळ्याची मापं घेऊन गेला. खुराडं तो ‘बागेतली खोली’ म्हणून जाहिरातीत घालणार असावा. तुझं चुकतंय असं मी म्हणत नाही. तू पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला माशांच्या रोगांवर पोट भरतेस, आणि मी बाजूच्या रस्त्यावर राहतो म्हणून माझं मत जास्त खरं, असं काही नसतं.

पण लेस्ली पहिल्यांदा आली तेव्हा काय झालं ते तुला तिच्या अहवालातून कळलं असेल, आणि अहवाल अपुरा आहे. बाई चांगली आहे. मर्वसमोर खाली बसली, त्याचा डावा हात हातात घेतला. ‘काय मर्व राजा, आज वार कोणता?’ मर्व म्हणाला, ‘आज वार कोणता?’ तिने कागदावर खूण केली. ‘घरी एकट्याला बरं वाटतं का रे?’ ‘एकट्याला बरं वाटतं का?’ दुसरी खूण. ‘न्यू टाउनला राहायला जायचं का? तिथे सोबत असेल, गरम जेवण असेल.’ ‘न्यू टाउनला राहायला जायचं का?’ मर्व शांतपणे म्हणाला. स्वयंपाकघरात येऊन ती मला हळूच म्हणाली, ‘असं होतं रे यांचं. आपण बोलतो त्याचा नुसता प्रतिध्वनी येतो. आत काही पोहोचत नाही.’ मी म्हटलं, ‘वार त्याला झटक्याआधीही माहीत नसायचा. त्याची बायको विनी सांगायची.’ ती हसली, पण खूण खोडली नाही. तिच्या जागी मीही खोडली नसती.

हेस्टर, मर्वला काही विचारलं की आपलाच प्रश्न परत मिळतो, ही तुमच्या घरातली जुनी थट्टा. विनी म्हणायची, ‘याला विचारण्यापेक्षा डोंगराला विचारावं, तो निदान दोनदा सांगतो.’ माझी आणि मर्वची ओळखही तिथूनच. मी तेव्हा ह्युऑन खोऱ्यातली सफरचंदांची शीतगृहं दुरुस्त करत फिरायचो. विद्यापीठातल्या संगणकाच्या खोलीचा गारवा बिघडला म्हणून मला बोलावलं. खाली आडवा पडून काम करता करता मी सहज विचारलं, ‘हे यंत्र करतं काय?’ वरून आवाज आला, ‘हे यंत्र करतं काय?’ मला वाटलं, चेष्टा चालली आहे. पाना हातात घट्ट धरून मी बाहेर आलो. तर हा माणूस गंभीर. ‘बीजगणित कुठवर झालंय तुझं?’ मी म्हटलं, ‘नववीपर्यंत.’ ‘हां, मग आता सांगता येईल. बस.’ आणि खोली तापत असताना तो मला फळ्यावर सांगत राहिला. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो, आणि तसाच जात राहिलो. नंतर त्याने मला नोकरीवर घ्यायचं ठरवलं तेव्हा कुलसचिव म्हणाले, ‘अहो, हा तर फ्रिजवाला!’ मर्व म्हणाला, ‘उत्तम. ह्याला गळती शोधायची सवय आहे.’ क्वोलच्या पोटातला निम्मा भाग माझ्या हातचा आहे. हे मी फुशारकीने लिहीत नाही. तसं असलं तरी ते खरं आहे.

परदेशातून डॉक्टरेट घेऊन मर्व परतला तेव्हा संगणक म्हणजे आकडे मोजायचं यंत्र होतं. आकडे आत घाला, आकडे बाहेर काढा. मर्वला त्याच्याकडून अक्षरांचं गणित करून घ्यायचं होतं. ‘क्ष’ला किंमत न देता ‘क्ष’च ठेवायचा, आणि शाळेत वहीत सोडवतात तसं पायरीपायरीने सोडवायचं. उत्तर दशांशात नको, सूत्रात हवं. गणितवाले म्हणाले, हे गणित नव्हे. संगणकवाले म्हणाले, मग आमच्या दारात कशाला आणता? त्या दोन दारांच्या मधल्या बोळात तुझ्या बापाची सगळी कारकीर्द गेली. मोठी पदकं दुसऱ्यांना मिळाली, प्रोफेसर हे पद त्याला फार उशिरा मिळालं. पण त्या बोळात एक नियम त्याने करून ठेवला, आणि तो कधी मोडला नाही: क्वोलला ज्याची खात्री नाही ते क्वोल बोलणार नाही. उत्तर येत नसेल तर प्रश्न जसाच्या तसा परत द्यायचा.

तू या विषयाला कायम नाक मुरडलंस, तरी एवढं वाच. एखाद्या संख्येचा वर्ग केला आणि त्याचं वर्गमूळ काढलं की तीच संख्या परत मिळते, असं कोणीही सांगेल. उणे तीन घेऊन पाहा. वर्ग नऊ, वर्गमूळ तीन. उणे कुठे गेलं? म्हणून क्वोलला ‘क्ष’च्या वर्गाचं वर्गमूळ विचारलं तर तो ‘क्ष’ म्हणत नाही. तो विचारलेलंच परत छापतो. नव्या विद्यार्थ्यांना वाटायचं, यंत्र बंद पडलं. ते बंद पडलेलं नसतं. ते थांबलेलं असतं, कारण ‘क्ष’ धन की ऋण हे आपण सांगितलेलं नसतं. मग आपण एक ओळ लिहायची: समजा, ‘क्ष’ धन आहे. लगेच उत्तर येतं. आमच्या क्वोलमध्ये ही ‘समजा’ची सोय मी बसवली, आणि मर्व म्हणायचा की बाकी सगळं पाडून टाकलं तरी चालेल, एवढी एक राहू दे.

ॲडलेडच्या परिषदेची गोष्ट तू ऐकली आहेस, पण विनीकडून, आणि विनी ती हसवण्यासाठी सांगायची. बाहेरच्या एका बड्या कंपनीची माणसं आली होती. दोघांना एकच अवघड गणित दिलं. त्यांच्या पडद्यावर देखणं दोन ओळींचं उत्तर उमटलं. आमच्या पडद्यावर प्रश्नच. मागून कोणी तरी ओरडलं, ‘मर्व, तुझं जनावर झोपलंय रे!’ सभागृह हसलं. मर्व उठला, फळ्यापाशी गेला, त्यांच्या उत्तरात ‘अ’च्या जागी उणे एक घातला. डावी बाजू धन निघाली, उजवी ऋण. खडू ठेवला आणि येऊन बसला. हसणं थांबलं, पण अनुदान त्यांनाच मिळालं. समितीने उत्तरं मोजली होती, आणि आमच्याकडे मोजायला कमी होती. परतीच्या विमानात मी खवळलो होतो. ‘निदान उत्तर देऊन खाली लिहू या ना,’ मी म्हटलं, ‘साधारणपणे खरं.’ मर्व खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘साधारणपणे आपला पूलही उभाच होता.’ जहाज धडकून तो पूल पडला तेव्हा विनी नदीच्या पलीकडे अडकली होती. त्यानंतर तो विषय मी काढला नाही.

तुझ्या निघण्याच्या दिवशी तुझी मोठी पेटी मी उचलली होती, म्हणून मी तिथे होतो. विमानतळाच्या दारात तू म्हणालीस, ‘बाबा, जाऊ का?’ मर्व म्हणाला, ‘जाऊ का?’ तू माझ्या हातातून पेटी ओढून घेतलीस. मेलबर्नला उतरल्यावर मला फोन केलास: ‘माझ्यासाठी त्याला एक शब्दसुद्धा स्वतःचा सुचला नाही, रॉस.’ परत येताना गाडीत तो म्हणाला होता, ‘तिथे तिला काय मिळणार ते तिने सांगितलं नाही. तू मागून जाणार की नाही तेही नाही. कशावरून सांगू?’ हे मी तुला तेव्हाच कळवलं होतं. तू म्हणालीस, ‘तुम्ही दोघं एकाच कारखान्यातले.’ त्यानंतर आपण दोघांनी ब्रूनी बेटावर एकत्र घालवलेल्या त्या उन्हाळ्याचा विषय काढला नाही. मी तुझ्या मागून येणार का, हे तू मला विचारलं नव्हतंस, आणि न विचारलेल्याचं उत्तर देण्याची पद्धत आमच्या कारखान्यात नव्हती.

तर लेस्ली गेल्यावर मी विचार केला. हा प्रतिध्वनी आहे, की नियम आहे? मला नियम असावासा वाटत होता, आणि नेमक्या अशा वेळी माणूस चुकतो. म्हणून पद्धतशीर पाहिलं. एखादी लांबलचक राशी शून्य आहे का, हे सिद्ध करता येत नसलं की क्वोल तिच्यात वेगवेगळ्या किमती घालून बघतो. एकदा जरी शून्याहून वेगळं काही निघालं तरी निकाल लागला. मी मर्वला वेगवेगळं विचारत गेलो. ‘चहा टाकू?’ ‘टाक.’ म्हणजे निव्वळ प्रतिध्वनी नव्हे. ‘लाकूड घालू?’ ‘घाल.’ ‘उद्या फ्लॅटहेड मासे आणू?’ यावर मात्र, ‘उद्या आणू?’ मी म्हटलं, ‘वारा पडलाय, बॉबची होडी जाणार आहे.’ ‘मग आण.’ दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, फक्त होडी जाणार नाही असं सांगितलं. ‘मग कशाला विचारतोस,’ मर्व म्हणाला, आणि तोंड फिरवलं. असं बऱ्याच वेळा झालं. माहिती पुरी असली की उत्तर, अपुरी असली की प्रश्न परत. एकदा मात्र जमलं नाही तेही लिहितो. ‘माझं नाव काय?’ असं मी विचारलं, तर ‘माझं नाव काय?’ असंच परत आलं. त्यात कोणती माहिती कमी होती हे मला सांगता येत नाही. कदाचित तिथे खरंच काही उरलेलं नाही. तेवढी जागा मी रिकामी ठेवली आहे.

काल लेस्लीला मी बोलावून घेतलं. तिला म्हटलं, ‘त्या दिवशीचा शेवटचा प्रश्न पुन्हा विचार.’ तिने विचारला. ‘न्यू टाउनला राहायला जायचं का, मर्व?’ प्रश्न परत आला. मग मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, ‘समजा, हेस्टर परत येणार नाही.’ हेस्टर, त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तो जुन्या काळी माझ्या एखाद्या ओळीतली चूक सापडली की पाहायचा. मग खुराड्याकडे बघून म्हणाला, ‘मग जातो.’ लेस्लीने पेन खाली ठेवलं. मी म्हणालो, ‘ते पुसून टाक. आता समजा, हेस्टर परत येणार आहे.’ मग डावा हात उचलून त्याने तुझ्या आईच्या खोलीकडे बोट केलं. ‘राहतो. ती उघड. ओल आलीय.’ एवढं लांब तो झटक्यानंतर बोललेला नाही. मी सगळा क्रम उलट करून पुन्हा विचारला. उत्तरं जिथली तिथे राहिली, फक्त शेवटी तो म्हणाला, ‘किती वेळा?’

लेस्ली बाहेर पडवीत आली. नाक लाल झालं होतं, थंडीने असेल. ‘तू काय केलंस ते मला समजलं,’ ती म्हणाली. ‘पण माझ्या कागदावर ‘समजा’ला जागा नाही रे. यातलं खरं कोणतं ते मला सांग. गुरुवारी मी ते खरं म्हणून त्याच्यापुढे ठेवीन. त्याने असंच सरळ उत्तर दिलं, तर ठरवतोय तो, असं मी लिहीन.’ आणि गाडीत बसता बसता म्हणाली, ‘दोन्हींपैकी काही चालेल मला. फक्त खरं हवं.’ मर्वने हिला नोकरीवर घेतलं असतं.

<s>हे मी फक्त मर्वसाठी विचारतोय.</s>

लिहिण्याचं कारण हे. यातलं खरं कोणतं हे मर्वला ठाऊक नाही, मलाही नाही. ‘ती येणार आहे’ असं लेस्लीला मी कालच सांगू शकलो असतो. मर्व घरात राहिला असता, एजंटाचा माणूस मापं विसरला असता, आणि ते उत्तर ॲडलेडच्या पडद्यावरच्या उत्तराइतकंच देखणं दिसलं असतं. म्हणून प्रश्न जसाच्या तसा तुझ्याकडे पाठवतो. हेस्टर, तू परत येणार आहेस का? ‘नाही’ हेही उत्तर आहे. ते आलं तर मर्वची बॅग मी स्वतः भरीन, कोंबड्या माझ्याकडे नेईन आणि तुझ्याबद्दल वाकडा शब्द कोणाला काढू देणार नाही. ‘मग जातो’ हे त्याचं स्वतःचं म्हणणं आहे, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. फक्त ‘बरं, बघू’ नको. त्याच्यावरून कोणालाच पुढे जाता येत नाही. वरच्या बाजूला एक ओळ खोडलेली दिसेल. लिहिल्यावर ती तपासून पाहिली. सगळ्या बाबतींत ती खरी ठरेना, म्हणून काढली.

गुरुवारपर्यंत थांबलेला,

तुझाच,
रॉस